पाटावरचा चावा

भाकरी कडक झाली की नाही हे हातानं मोडून बघितलं तरी कळतं. आंधळ्यालाही कळतं. पण सोलापूरच्या बाळीवेशीतल्या काशम्माच्या घरात ते दातानंच बघायचं असा दंडक होता आणि काशम्मानं तो बारा वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता. सांभाळणारच. तिचं सगळं राज्य त्या दंडकावरच उभं होतं.

सहा बायका पहाटेपासून ज्वारीच्या भाकरी पातळ थापायच्या, तव्यावर भाजायच्या आणि मग मंद आचेभोवती उभ्या लावून वाळवायच्या. साडेदहापर्यंत चवडी लागायच्या. मग काशम्मा पुढच्या खोलीत येऊन सागवानी पाटावर बसायची. चवडीतली मधली भाकरी उपसायची, तिची कड दाढेखाली धरायची आणि चावायची. कट्ट असा आवाज झाला की काशम्मा मान हलवायची आणि चवड पिशव्यांत भरायला जायची. आवाज झाला नाही तर चवड पुन्हा आचेवर, आणि जिनं ती वाळवली तिच्या सात पिढ्यांचा उद्धार. हा उद्धार गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पंक्चरवाल्यालाही पाठ झाला होता.

पाट सासूचा. दोघी सुना तिला अत्ती म्हणत. हा धंदा अत्तीनं एकटीनं उभा केला आणि चाव्याचा दंडकही तिनंच घातला. स्वतःचे दात हलायला लागले तेव्हा तिनं दोघींना समोर बसवून सांगितलं, ‘‘थोरली-धाकटी मला म्हाईत न्हाय. जिची दाढ खमकी, तिचा पाट.’’ दोघींनी समोरासमोर बसून तीन-तीन भाकरी चावायच्या असं ठरलं.

ठरल्या दिवशी धाकटीचा, म्हणजे दाक्षायणीचा, उजवा गाल लिंबाएवढा सुजला होता. अक्कलदाढ येत होती. पाणी पितानाही तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. ‘‘अत्ती, दोन दिस थांबा की,’’ ती म्हणाली. अत्ती थांबलीही असती, म्हातारीला काही घाई नव्हती. पण काशम्मा मध्येच बोलली.

‘‘पाट कुनासाठी थांबत न्हाय.’’

आणि तिनं तीन भाकरी चावल्या. पहिल्या दोन झटपट, तिसरी मात्र दाक्षायणीच्या सुजलेल्या गालाकडं बघत, सावकाश, चव घेत घेत. दाक्षायणीनं पहिलीच भाकरी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. पाट काशम्माचा झाला.

त्या दिवसापासून दोघी जावा एकमेकींशी सरळ बोलल्या नाहीत. घर एकच, काशम्मा वरच्या मजल्यावर, दाक्षायणी खाली, मधे जिना. ‘‘दगडाबाई, त्यांना सांगा पीठ संपत आलंय,’’ असं दाक्षायणी चार हातांवर बसलेल्या काशम्माच्या देखत म्हणायची, आणि ‘‘दगडाबाई, त्यांना म्हनावं मला डोळं हायेत,’’ असं काशम्मा उत्तर द्यायची. दगडाबाई मंगळवेढ्याकडची. चौदा वर्षं आचेजवळ बसून भाकरी वाळवत होती. दोघींचे निरोप ती एकाच सुरात पोचवायची, त्यामुळं कुणाचंही पारडं जड झालं नाही. अत्ती गेली, काशम्माचा नवरा गेला, काशम्माचा मुलगा श्रीशैल चिंचोळीला कारखान्यात कामाला लागला, तरी हे निरोप काही थांबले नाहीत.

गेल्या दिवाळीत काशम्माचा उजवा कान दुखायला लागला. तिनं लसूण घालून तेल कडकडवलं आणि कोमट करून कानात सोडलं. कान दुखतच राहिला. कानाच्या डॉक्टरनं दिवा लावून आत बघितलं आणि कान ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मग ती दुखणारी जागा खाली सरकून दाढेत आल्यासारखी वाटली. सकाळी उठलं की कानशिलं ठणकायची, गाल दगड बांधल्यासारखे जड असायचे आणि तोंड धुवायला आ केला तरी कळ यायची.

दाढ! दाढ गेली की पाट गेला, आणि पाट गेला की दाक्षायणीच्या हुकमात खाली मांडी घालून भाकरी थापायची. त्यापेक्षा मसणात गेलेलं बरं, असं तिला खरोखरच वाटलं. बहिणीला भेटून येते असं सांगून ती एसटीनं मंगळवेढ्याला गेली आणि तिथल्या एका दातांच्या डॉक्टरपुढं जाऊन बसली. त्यानं उजवीकडची दाढ ठोकून बघितली, फोटो काढून बघितला.

‘‘दाढ चांगली आहे, मावशी.’’

‘‘चांगली हाय तर दुकती कशाला? काढा.’’

तो नको नको म्हणत होता. काशम्मा खुर्चीवरून उठेना. शेवटी त्यानं दाढ काढून तिच्या हातावर ठेवली. कीड नाही, भोक नाही, पांढरी स्वच्छ दाढ. तिनं ती रुमालात बांधली आणि परतीच्या एसटीत खिडकीशी बसली. सोलापूर येईपर्यंत भूल उतरली आणि दुखणं होतं तिथंच होतं. धडधाकट दाढ फुकट गेली होती. यात दाक्षायणीचा काय दोष होता हे काशम्मालाही सांगता आलं नसतं, पण घरी आल्यावर तिनं पहिली शिवी मनातल्या मनात तिलाच घातली.

त्यानंतर जबड्यातून आवाज यायला लागला. तोंड उघडलं की उजव्या कानापुढं कट्ट. मिटलं की पुन्हा, थोडं हळू. काशम्माला वाटलं, काढलेल्या दाढेची जागा भरतेय.

‘‘आई, तू झोपंत दात खातीस,’’ श्रीशैल एक दिवस जेवताना म्हणाला. ‘‘भिंतीपल्याड ऐकू येतंय. गिरनी चालल्यागत.’’

‘‘मी कशाला दात खाईन? खानारी खाली हाय.’’

पण तिच्या तोंडातला घास तसाच राहिला. झोपेत दात खाणारं माणूस घराची बरकत खातं, हे तिनंच आजवर पंचवीस जणींना ऐकवलं होतं. श्रीशैलनं मग काही ऐकलं नाही. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर मागं बसवून तो तिला सातरस्त्याजवळच्या डॉक्टर साक्षीकडं घेऊन गेला.

डॉक्टर साक्षी तिशीची असेल. तिनं दातांना हातच लावला नाही. दोन्ही कानांच्या पुढं दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, ‘‘उघडा. मिटा. परत उघडा.’’ कट्ट. तिनं मान डोलावली. मग गालावरची जागा दाबली तशी काशम्मा खुर्चीत अर्धी उठली. मग तिनं आरसा हातात देऊन काशम्माला तिच्याच दाढा दाखवल्या. टाकी न लावलेल्या जात्यागत सपाट झाल्या होत्या.

‘‘तुमचे दात दुखतच नाहीत, मावशी. दुखतोय तो हा सांधा. जबड्याचा. गुडघ्याचा असतो तसाच इथंही सांधा असतो, त्याच्यात एक बारीक गादी असते. तुम्ही झोपेत दातांवर दात इतक्या जोरात घासता की सांध्यावर सगळा भार येतो आणि ती गादी जागेवरून सरकते. तोंड उघडलं की परत जागेवर येते, तेव्हा हा आवाज होतो. दुखणं कानात जाणवतं, दाढेत जाणवतं, डोक्यात जाणवतं, पण मूळ इथं आहे. घरात काही ताण आहे का?’’

‘‘ताण न्हाय. जाऊ हाय.’’

श्रीशैल छताकडं बघायला लागला. डॉक्टर हसली नाही. तिनं कागदावर लिहिलं: तीन महिने मऊ जेवण, गालाला गरम शेक, मोठी जांभई नाही, झोपताना दातांवर प्लास्टिकचं पाळं, म्हणजे दातांच्या मापाचं आवरण, चढवायचं. दातांचं माप घेतलं, आठवड्यानं पाळं तयार करून दिलं. ‘‘आणि कडक भाकरी बंद. पूर्ण बंद.’’

‘‘सोलापुरात ऱ्हाऊन?’’

‘‘सोलापुरात राहून.’’

‘‘आनि न्हाय ऐकलं तर?’’

‘‘एखाद्या दिवशी जबडा अडकून बसेल. तोंड उघडणारच नाही.’’

घरी येताना काशम्मानं मोटारसायकलवरच श्रीशैलला शपथ घातली की खाली यातला चकार शब्द बोलायचा नाही. पाळं तिनं मिसरीच्या रिकाम्या डबीत टाकून डबी देवाच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती पाटावर होती.

मात्र आता ती पहिल्यासारखं चावत नव्हती. जोर दिला की कानात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं, म्हणून भाकरीची कड दाढेला नुसती टेकवायची, जबडा थोडा दाबायचा, आणि कट्ट आवाज आला की सोडून द्यायचं. बोटांना काही कळायचा प्रश्नच नव्हता, तीस वर्षं तव्याचे चटके खाऊन ती मेली होती. आवाज येतोय ना, मग झालं. रोज येत होता. एकाही चवडीला परत आचेवर जावं लागलं नाही, आणि बायका आपसांत म्हणायला लागल्या की अक्का अलीकडं निवळल्यात.

आखाड लागला. हवा ओलसर झाली, पीठ दमट, आच धुरकट. अशा दिवसांत भाकरीला दुप्पट वेळ वाळवावं लागतं. महिन्याभरानं पुण्याच्या दुकानदाराकडून चार खोकी परत आली. पिशव्यांत भाकरींवर हिरवट बुरशी चढली होती आणि खोकं उघडताच कुबट वास घरभर पसरला. एवढ्या वर्षांत या घरातला माल कधी परत आला नव्हता.

काशम्मानं एक पिशवी उचलली आणि दगडाबाईच्या पुढ्यात फेकली.

‘‘कच्च्याच उतरवल्यास. गप्पा हानत बसायला पायजे तुमाला आचेपाशी.’’

‘‘तुमी चावूनच पाटवल्यात की, अक्का,’’ दगडाबाई म्हणाली. आवाज तिनं वाढवला नव्हता. निरोप द्यायची त्याच सुरात बोलली.

‘‘म्हंजे मी खोटी?’’

‘‘मी तसं न्हाय म्हनलं.’’

‘‘चौदा वर्सं खाल्लंस हितलं आनि मला खोटी पाडतीस? ऊठ. उद्यापासनं येऊ नगंस.’’

दगडाबाईनं हात धुतले, पदराला पुसले, कोपऱ्यातली पिशवी घेतली आणि गेली. कुणाकडं बघितलं नाही. दाक्षायणी परातीत पीठ मळत होती, ती मळतच राहिली. संध्याकाळी काशम्माच्या जबड्याची कळ डोक्यात चढली, तेव्हा तिला वाटलं, माणसांची नमकहरामी अशी अंगावर निघते.

नमकहराम कोण होतं हे कळायला फार दिवस लागले नाहीत.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी काशम्मा पाटावर बसली, चवडी यायच्या होत्या, तिला जांभई आली. कट्ट. ओळीत बसलेल्या दाक्षायणीनं मान वर केली. काशम्मानं तोंड मिटलं, हळूच कट्ट. दाक्षायणीनं मान खाली घातली आणि थापायला लागली. तिच्या हातांचा वेग तेवढा कमी झाला होता, पण तिकडं लक्ष द्यायची काशम्माला गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दाक्षायणी स्वतः एक चवड घेऊन आली. पाटापुढं ठेवली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा काशम्माच्या डोळ्यांत बघून बोलली.

‘‘अक्का, ही बघा.’’

बायकांचे हात थांबले. काशम्माच्या मनात शंका आली, पण सगळ्यांच्या देखत धाकटीनं नमतं घेतलं याचा आनंद शंकेहून मोठा होता. तिनं मधली भाकरी उपसली. कड दाढेला टेकवली. दाबली. कट्ट.

‘‘भरा,’’ ती म्हणाली.

दाक्षायणी हलली नाही. तिनं काशम्माच्या हातातून ती भाकरी काढून घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि मधोमध दुमडली. भाकरी मोडली नाही. तिनं पुन्हा दुमडली. चार पदरी झाली तरी मोडली नाही. ती घडी तिनं हातरुमालासारखी पाटाच्या कडेवर ठेवली.

‘‘वरच्या दोन कडक हायेत. ही मधली आचंला लागलीच न्हाय. तव्यावरनं उतरवून फॅनखाली ठेवली हुती.’’

मग तिनं काशम्माच्या उजव्या कानाकडं बोट केलं.

‘‘जांबई दिली तरी वाजतंय तुमचं, अक्का. आवाज भाकरीचा न्हवंच. तुमच्या जबड्याचा हाय. दगडाबाईला उगंच घालवलं.’’

काशम्माला सगळं एकदम समजलं. इतके दिवस कानापुढं वाजणारा तो कट्ट, आपसूक पास झालेल्या चवडी, खोक्यातला कुबट वास, हात पुसून गेलेली दगडाबाई. लाज तिच्या कानाच्या पाळीपर्यंत चढली. चूक कबूल करायची सवय नसलेल्या माणसाला लाज वाटली की ते आधी रागावतं, तशी तीही रागावली. पण आतून ती घाबरली होती. पाट खालून सरकताना तिला जाणवत होता.

तिनं आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘डॉक्टरनं तीन म्हैनं सांगितल्यात. बरं हुनार हाय.’’

दाक्षायणीनं हे वाक्य पूर्ण ऐकून घेतलं. घाई केली नाही. बारा वर्षं तिनं एक वाक्य जपून ठेवलं होतं, आता आणखी दोन श्वास थांबायला तिला काय होतं?

‘‘पाट कुनासाठी थांबत न्हाय, अक्का.’’

काशम्मानं शेजारच्या चवडीतल्या दोन भाकरी उचलल्या. या खऱ्या कडक होत्या, एकमेकींवर आपटल्या तर वाजत होत्या. तिनं त्या एकीवर एक ठेवल्या, तोंड जितकं उघडेल तितकं उघडलं, डोळे दाक्षायणीवर रोखले आणि सगळ्या जन्माचा जोर लावून चावली. कडाड् आवाज झाला. तुकडे पाटावर उडाले, एक थापणाऱ्या पोरीच्या परातीत पडला. असा चावा अत्तीनंही कधी घेतला नसेल. काशम्माच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण ती जिंकली होती. आता फक्त बोलायचं राहिलं होतं. ‘झालं समाधान?’ एवढंच.

तोंड उघडेना.

तिनं पुन्हा जोर लावला. दातांत बोटभर फट पडली आणि तिथंच जबडा अडला, कुणीतरी आतून कडी घातल्यासारखा. भाकरीचा चुरा जिभेवर होता, तो धड गिळता येईना, थुंकता येईना. तिनं दोन्ही हातांनी हनुवटी धरून खाली ओढली आणि आलेल्या कळेनं ती पाटावरून खाली घसरली. बायका धावल्या. दाक्षायणी मागं उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, पण तांब्याला काशम्माच्या तोंडात शिरायला जागा नव्हती.

श्रीशैल कारखान्यातून अर्ध्या पाळीतून आला. डॉक्टर साक्षीनं अंगठे आत घालून जबडा खाली, पुढं, परत खाली असा कितीतरी वेळ ओढला. काशम्माच्या डोळ्यांतून धारा लागल्या. फट एका बोटाची दीड बोटं झाली, तेवढीच.

‘‘आता आवाज येणार नाही,’’ डॉक्टर म्हणाली. ‘‘आधी गादी सरकून परत जागेवर यायची. आता येत नाही, मधेच अडकलीय. महिना, दोन महिने लागतील. हळूहळू उघडेल. पातळ जेवण आणि ते पाळं. वापरलं होतं ना?’’

श्रीशैलनं आईकडं बघितलं. आईनं भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडं बघितलं.

‘‘आणि बोलणं कमी,’’ डॉक्टर म्हणाली. काशम्माच्या जन्मात तिला कुणी दिलेली ही सगळ्यात मोठी शिक्षा होती.

ती वरच्या खोलीत पडून राहिली. पहिले चार दिवस भाताची पेज, पातळ आमटी, दूध. बरं, ऐकू येत नव्हतं असं थोडंच होतं! साडेदहा वाजले की खालून आवाज यायचा. कट्ट. जरा वेळानं पुन्हा कट्ट. पण चावल्याचा नव्हता तो. चावल्याचा आवाज काशम्माला झोपेतही ओळखू आला असता.

जबडा अडकल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत उतरली आणि वाकून बघितलं. दाक्षायणी पाटावर बसली होती. चवडीतली भाकरी काढायची, दोन हातांत धरायची, मोडायची. बस्स. मोडलेली अर्धुकं बाजूच्या डब्यात. ‘‘आजपासनं चावायचं बंद,’’ ती बायकांना सांगत होती. ‘‘लोकांच्या पोटात जायाचं, आनि आपन उष्टं करून बगायचं. घानच की ती.’’

काशम्मा तिसऱ्या पायरीवरच बसली. एवढं सोपं होतं हे. दाक्षायणीला पहिल्यापासून माहीत होतं, काशम्मालाही माहीत होतं, अत्तीलाही माहीत असणार. हातानं मोडून बघ म्हटलं असतं तर पाटावर कुणीही बसलं असतं, म्हणून कुणीच म्हटलं नाही. त्यासाठी तिनं चांगली दाढ उपटून घेतली होती. रुमालात बांधलेली ती दाढ अजून कपाटात होती. आणि दाक्षायणीनंही बारा वर्षांत एकदा तोंड उघडून हे सांगितलं नाही, कारण तिला दंडक मोडायचा नव्हता, काशम्माला मोडायचं होतं. काशम्माला तिचा राग आला. राग आला आणि वरून जबडाही दुखला, कारण राग आला की दात आपोआप एकमेकांवर बसायचे, हे तिला आता पहिल्यांदाच जाणवत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दगडाबाई वर आली. तिला दाक्षायणीनं पाटावर बसल्याच दिवशी निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. हातात पितळी वाटी होती.

‘‘धाकट्या अक्कांनी दिलंय,’’ ती म्हणाली. त्याच सुरात.

वाटीत ताजी मऊ भाकरी बारीक कुस्करून गरम दुधात भिजवली होती. गाठ नाही, कोंडा नाही, वर मिठाची चिमूट. काशम्मा वाटीकडं बघत राहिली. वाटी पुढं आली तशी तिला ती दुपार आठवली. बारा वर्षांपूर्वीची, पाट जिंकल्याची. त्या दिवशी तिनं सगळ्यांच्या पंगतीत बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी कुरुमकुरुम खाल्ली होती, आणि समोर सुजलेला गाल घेऊन दाक्षायणी रिकाम्या ताटावर बसली होती. रात्रीपर्यंत ती उपाशीच होती. तिला भाकरी कुस्करून द्यावी असं घरात कुणालाही सुचलं नव्हतं. काशम्माला सुचलं होतं. सुचून तिनं दिली नव्हती.

दाक्षायणी ते विसरली नव्हती, आणि ती विसरली नाही हे सांगायलाच ही वाटी वर आली होती. मायेची नव्हती ती. काशम्माला माया आणि वचपा यांतला फरक कळत होता. दूध मात्र गरम होतं.

दगडाबाई परत जायला वळली. काशम्मानं हात वर केला. घशाशी आलेलं बाहेर काढायला दीड बोटाची फट होती.

‘‘चुकलं माजं,’’ ती म्हणाली. दातांच्या आतूनच निघालं ते, घोगरं, अर्धं गिळलेलं.

‘‘काय म्हनलात?’’ दगडाबाईनं विचारलं.

कान तिचे तीक्ष्ण होते. चौदा वर्षं आचेजवळ बसून भाकरी कधी वाळली ते ती नुसत्या आवाजावरून ओळखायची. तिला ऐकू आलं होतं आणि तिला ते दुसऱ्यांदा हवं होतं, नीट, खणखणीत, पिशवी फेकताना आवाज होता तेवढ्याच आवाजात. काशम्मानं तोंड उघडायचा प्रयत्न केला. कळ आली. खरं सांगायचं तर कळ सोसता आली असती. तिनं हातानंच ‘काही नाही’ असं सांगितलं.

‘‘बोलू नगा,’’ दगडाबाई म्हणाली. ‘‘डॉक्टरनी सांगितलंय म्हनं.’’ आणि जिना उतरून गेली.

वाटी परत पाठवायची असं काशम्मानं ठरवलं. अर्धा तास ती तशीच झाकून ठेवली. मग भुकेपुढं तिचं काही चाललं नाही. तिनं चमच्यानं एकेक घास त्या फटीतून आत सारला. मीठ अगदी बेताचं पडलं होतं, आणि याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. सगळं खाऊन झाल्यावर तिनं वाटी स्वतः धुतली, कोरडी केली, किती पुसून खाल्लंय ते खाली कळू नये म्हणून.

मग देवाच्या फळीवरून मिसरीची डबी काढली. पाळं बाहेर काढून धुतलं आणि पहिल्यांदाच दातांवर चढवलं. तोंडात कुणाचं तरी परकं बोट ठेवल्यासारखं वाटलं. ती आडवी झाली, डोळे मिटले. खाली दुपारच्या चवडी लागल्या असाव्यात. कट्ट. तिचे दात प्लास्टिकवर आवळले गेले. तिनं जबडा सैल सोडला, डॉक्टरनं सांगितलं होतं तसा, जीभ टाळूला लावून. कट्ट. पुन्हा आवळले गेले. तिनं पुन्हा सोडले. झोप लागेपर्यंत तिचं हेच चाललं होतं, आणि झोप लागल्यावर सोडायला कुणी उरलं नाही.